इंग्रजी लिहिताना फ्रेजल व्हर्ब्ज : कुठे वापरायची, कुठे टाळायची?

शनिपार :

अप्पा बळवंत चौकात फ्रेजल व्हर्ब्जच्या, म्हणजे 'पुट ऑफ'सारख्या क्रियापद आणि छोटा शब्द मिळून होणाऱ्या जोड्यांच्या, याद्यांची पुस्तकं ढिगाने मिळतात. कुठे पाचशे, कुठे हजार. पुढे अर्थ, त्यापुढे एक वाक्य. ती पाठ करून परीक्षेतल्या गाळलेल्या जागा भरता येतात. घोडं अडतं ते स्वतः चार ओळी लिहायची वेळ आली की. 'पोस्टपोन' लिहावं की 'पुट ऑफ'? 'लुक आफ्टर इट' चालतं, मग 'पुट ऑफ इट' का चालत नाही? 'लॉगइन' जोडून की तोडून?

बोलण्यातलं इंग्रजी या धाग्यात नको. ईमेल, अर्ज, अहवाल, सोसायटीची नोटीस असं रोजचं लिखाण घेऊ. जाणकारांनी उदाहरणं देऊन लिहावं. 'वाचन वाढवा' हा सल्ला मिळालेला आहे, पुन्हा देऊ नये.

खडूफळा :

आधी 'इट'चं घेतो, बाकीचं बरंचसं त्यावरच उभं आहे.

क्रियापदामागे येणारा छोटा शब्द दोन जातींचा असतो. पहिला आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा, नामाला धरून राहणारा. 'लुक आफ्टर द चाइल्ड' मधला 'आफ्टर' मुलाचा आहे. म्हणून 'लुक द चाइल्ड आफ्टर' होत नाही आणि सर्वनामही शेवटीच येतं : 'लुक आफ्टर हिम'. दुसरा क्रियाविशेषणासारखा, क्रियापदाच्या गोटातला. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही बरोबर. पण कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसलं पाहिजे : 'पुट इट ऑफ'. इथे सवलत नाही.

आणि कर्म लांबलचक असेल तर उलटं करायचं. 'पुट द मीटिंग वी हॅड प्लॅन्ड विथ द ऑडिटर्स ऑफ' हे व्याकरणात अगदी बसवता येईलही, पण वाचणारा 'ऑफ'पर्यंत पोचेतो 'पुट' विसरलेला असतो. लिखाणात याची काळजी जास्त घ्यावी लागते, कारण कागदावर आवाजाचा चढउतार मदतीला नसतो.

एकच शब्दजोडी दोन्ही जातींत कशी दिसते ते पाहा. 'ही टर्न्ड डाउन द रोड' म्हणजे तो त्या रस्त्याला वळला. 'ही टर्न्ड डाउन द ऑफर' म्हणजे त्याने प्रस्ताव नाकारला. पहिल्यात मध्ये 'क्विकली' घालता येतं, दुसऱ्यात नाही. दुसऱ्यात 'टर्न्ड इट डाउन' होतं, पहिल्यात नाही. मोठ्याने वाचलं तर दुसऱ्या वाक्यात 'डाउन'वर जोर येतो. ही 'क्विकली'ची चाचणी 'लुक आफ्टर'सारख्या घट्ट जोड्यांवर नीट चालत नाही, म्हणून शंका आली की शब्दकोश उघडावा.

शब्दकोश म्हणजे इंग्रजी-मराठी नव्हे, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी. त्यात मूळ क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी फ्रेजल व्हर्ब्ज वेगळी दिलेली असतात. 'पुट समथिंग ऑफ' असं छापलंय की 'लुक आफ्टर समबडी', एवढं बघितलं तरी कर्माची जागा कळते. अनेक कोशांत दोन्ही टोकांना टोच असलेला आडवा बाण असतो. तो दिसला की कर्म मध्ये किंवा नंतर, कुठेही चालतं. लोक अर्थ वाचून कोश मिटतात, बाण कुणी बघतच नाही.

डेर-डी-दास :

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. जर्मनमध्ये 'आउफश्टेहेन' म्हणजे उठणे. वाक्यात 'इश श्टेहे आउफ' असं तुटून 'आउफ' शेवटाला जातं. इंग्रजी त्याच घराण्यातली. जुन्या इंग्रजीत असे शब्द क्रियापदाच्या आधी जोडलेलेही असत, पुढे ते मागे सरकले. त्या जुन्या घडणीचे अवशेष नामांत सापडतात : 'आउटब्रेक', 'इनकम', 'अपब्रिंगिंग'. रोगाची साथ 'ब्रेक्स आउट', पण साथीला म्हणायचं 'आउटब्रेक'. तुरुंग फोडून पळाले तर मात्र 'ब्रेकआउट'. दोन्हींची अदलाबदल होत नाही.

खडूफळा :

@डेर-डी-दास, छान. तीन तुकड्यांच्या जोड्या राहिल्या होत्या, त्या उरकतो. 'पुट अप विथ', 'रन आउट ऑफ', 'कट डाउन ऑन', 'कम अप विथ'. यांत शेवटचा शब्द शब्दयोगी असल्याने कर्म नेहमी त्याच्यामागे : 'पुट अप विथ इट'. शब्दयोगी वाक्याच्या शेवटी येऊ नये असा एक जुना आग्रह होता. त्याची थट्टा करणारं, 'अप विथ व्हिच आय विल नॉट पुट' अशा उलट्या उडीचं वाक्य चर्चिलच्या नावावर खपवतात. ते त्याचं असल्याला पुरावा नाही, पण मुद्दा पटण्यासारखा आहे. 'पुट अप विथ'ची फाटाफूट केली की वाक्य हास्यास्पदच होतं.

अक्षरजुळारी :

'पोस्टपोन' की 'पुट ऑफ' याचं उत्तर मराठीतच आहे. आपण सभा 'पुढे ढकलतो' आणि 'स्थगित'ही करतो. एक घरचा शब्द, दुसरा संस्कृतातून आलेला. इंग्रजीत घरचे शब्द जर्मानिक आणि पाहुणे लॅटिन-फ्रेंच, त्यातले पुष्कळ १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर आलेल्या फ्रेंचमधून. म्हणून जोड्या दिसतात : 'पुट ऑफ' - 'पोस्टपोन', 'गो ऑन' - 'कंटिन्यू', 'पुट अप विथ' - 'टॉलरेट', 'पुट आउट' - 'एक्स्टिंग्विश'. 'आग विझवली' आणि 'अग्निशमन केले' यांत जे अंतर, साधारण तेच इथे.

पण यावरून 'फ्रेजल व्हर्ब म्हणजे अनौपचारिक, सबब अर्ज-अहवालात बंदी' असा जो नियम शिकवतात तो अर्धवट आहे. 'कॅरी आउट', 'पॉइंट आउट', 'अकाउंट फॉर' प्रबंधांत बिनदिक्कत असतात. 'द सर्व्हे वॉज कॅरिड आउट इन थ्री वॉर्ड्स' यात खटकण्यासारखं काही नाही. कायद्याचं इंग्रजी तर यांच्यावरच चालतं. वरच्या कोर्टाने खालचा आदेश 'सेट असाइड' केला म्हणजे रद्द ठरवला. 'बाजूला ठेवला' असं भाषांतर केलं तर बातमीचा अर्थच उलटतो. कायदा 'स्ट्रक डाउन' होतो. कंपनी 'वाउंड अप' होते, आणि तिथे आपलं 'गाशा गुंडाळला' किती चपखल बसतं बघा.

सगळ्यात जास्त घोळ 'राइट ऑफ'चा. बँकेने कर्ज 'रिटन ऑफ' केलं म्हणजे हिशेबाच्या वहीतून येणं म्हणून काढलं, निर्लेखित केलं. वसुलीचा हक्क राहतो. कर्जमाफीला शब्द 'वेव्ह' किंवा 'वेव्हर'. मराठी मथळ्यांत सर्रास 'इतके कोटी माफ' छापून येतं आणि मग वाद पेटतात.

हिंजवडी फेज ३ :

कंपनीतल्या ईमेलांपुरतं लिहितो. रोज दिसणाऱ्या चुका.

'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू'. हवं 'हिअरिंग'. इथला 'टू' शब्दयोगी आहे, 'टू गो, टू ईट'वाला नाही. तपासायचं कसं? मागे 'इट' ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू इट' जमतं, म्हणजे तिथे नाम हवं, आणि क्रियापदाचं नाम करायचं तर 'इंग' लावायचं. 'आय वाँट टू इट' जमत नाही, म्हणून तिथे 'टू हिअर'.

'कॉल ऑफ' आणि 'पुट ऑफ'. पहिलं रद्द, दुसरं पुढे ढकललेलं. परदेशी ग्राहकाला 'द डेमो इज कॉल्ड ऑफ' लिहिलं तर तो नवी तारीख विचारणारच नाही. अलीकडे ओढायची असेल तर 'ब्रिंग फॉरवर्ड'. आपला 'प्रीपोन' भारतात चालतो, बाहेर सगळ्यांना कळेलच असं नाही.

'आय विल रिव्हर्ट बॅक'. 'रिव्हर्ट'मध्ये 'परत' आधीच आहे, आणि भारताबाहेर त्याचा मुख्य अर्थ पूर्वस्थितीला जाणे. 'आय विल गेट बॅक टू यू बाय फ्रायडे' लिहा. 'रिटर्न बॅक', 'रिप्लाय बॅक' याच कुळातले.

'कोप अप विथ'. 'अप' नको, 'कोप विथ' एवढंच. 'कीप अप विथ' आणि 'कॅच अप विथ'च्या संगतीने त्याला ते लागलं असावं. 'डिस्कस अबाउट', 'एम्फसाइज ऑन', 'ऑर्डर फॉर टू कॉफीज' मध्येही छोटा शब्द फुकटचा. मराठीत 'च्याबद्दल चर्चा', 'वर भर' म्हणतो, तो 'बद्दल' आणि 'वर' तिकडे घुसतो.

'फॉलो अप' : माणसाकडे 'विथ', विषयाबाबत 'ऑन'. 'आय विल फॉलो अप विथ द व्हेंडर ऑन द इन्व्हॉइस.' एवढं सांभाळलं तरी अर्धी गोंधळाची ईमेलं कमी होतील.

उलट बाजूही आहे. 'रीच आउट', 'लूप इन', 'सिंक अप', 'सर्कल बॅक' एकाच परिच्छेदात आले की ईमेल वाचवत नाही. 'आस्क', 'टेल', 'मीट' हे शब्द अजून जिवंत आहेत.

पूर्वपरीक्षा :

'आय पास्ड आउट इन २०१९' हे चूक की बरोबर? क्लासमध्ये दोन्ही सांगतात.

मुद्रितशोधक :

वाचणारा कोण त्यावर. भारतात 'पदवी घेऊन बाहेर पडलो' असा अर्थ सगळ्यांना कळतो. ब्रिटिश किंवा अमेरिकी वाचकाला आधी 'बेशुद्ध पडलो' ऐकू येतं. लष्करी प्रशिक्षण संपवून बाहेर पडणं हा मात्र ब्रिटिश इंग्रजीतला रीतसर अर्थ आहे. खडकवासल्याला एनडीएची 'पासिंग आउट परेड' होते ती त्यातलीच, तिथे कुणी बेशुद्ध पडणं अपेक्षित नसतं. बायोडेटात 'ग्रॅज्युएटेड इन २०१९' लिहावं, वाद मिटला.

आता धागाकर्त्यांचा जोडून-तोडूनचा प्रश्न. क्रियापद असेल तर दोन शब्द, नाम किंवा विशेषण असेल तर जोडून किंवा मध्ये संयोगरेषा. 'प्लीज लॉग इन' तोडून. 'युअर लॉगइन हॅज एक्स्पायर्ड' जोडून. तसंच 'बॅक अप युअर फाइल्स' पण 'टेक अ बॅकअप'. 'सेट अप द प्रिंटर' पण 'द सेटअप इज डन'. 'शट डाउन', 'चेक आउट', 'ब्रेक डाउन' सगळे याच रांगेत. 'फॉलो-अप'ला नामात बहुधा रेघ असते, क्रियापदात कधीच नसते.

शंका आली तर भूतकाळ करून बघायचा. 'काल लॉग इन केलं' इंग्रजीत 'लॉग्ड इन' होतं; 'इड' मध्ये शिरतो, म्हणजे शब्द दोन. 'लॉगिन्ड', 'बॅकअप्ड', 'सेटअप्ड' ही भुतं लोकांनी क्रियापद जोडून लिहिल्यामुळे जन्माला येतात. उच्चारातही फरक आहे : नामात जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापदात दुसऱ्यावर.

मग 'इन टू' आणि 'इंटू'. 'लॉग इन टू द पोर्टल' मध्ये तीन सुटे शब्द, कारण 'इन' हा 'लॉग'चा आणि 'टू' पोर्टलचा. आरोपी पोलिसांच्या स्वाधीन झाला हे सांगताना 'ही टर्न्ड हिमसेल्फ इन टू द पोलीस' हवं. 'इन' आणि 'टू' जोडले तर त्याने स्वतःचं रूपांतर पोलिसात केलं असा अर्थ निघतो. हसू नका, असं छापून येतं.

अनेकवचनात 'एस' नामाला लागतो, शेपटीला नाही : 'रनर्स-अप', 'पासर्स-बाय'. गणपती मंडळांच्या बक्षीस समारंभाच्या फलकांवर दरवर्षी 'रनरअप्स' असतात.

शनिपार :

सगळ्यांचे आभार. एक मूलभूत शंका. 'ऑफ' म्हणजे बंद ना? मग 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजला कसा? आणि 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हणजे दूध नासलं? या छोट्या शब्दांना काही तर्क आहे की नुसती घोकंपट्टी?

अक्षरजुळारी :

'ऑफ'चा मूळ भाव 'पासून दूर'. 'ऑफ' आणि एका 'एफ'चा 'ऑव्ह' हे मुळात एकच शब्द. दिव्याचं बटण 'ऑफ' म्हणजे प्रवाहापासून तुटलेलं. विमान 'टेक्स ऑफ' म्हणजे जमीन सोडतं. शर्टाचं बटण 'केम ऑफ' म्हणजे सुटून आलं. गजराला, बंदुकीला 'गो ऑफ' लावताना 'सुटणे' हा शब्द मनात ठेवा. अडकवून ठेवलेलं काहीतरी सुटलं, म्हणून वाजलं किंवा उडालं. दूध चांगल्या स्थितीपासून दूर गेलं. ही लक्षात ठेवायची युक्ती आहे, व्युत्पत्तीचा दावा नाही.

घोकंपट्टी कमी करायला एक गोष्ट हाताशी आहे आणि ती आपण वापरत नाही. मराठीतली संयुक्त क्रियापदं. 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं' यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. 'टाकणे' आलं की काम पूर्ण, काही शिल्लक नाही. इंग्रजीत हे काम बऱ्याचदा 'अप' करतं : 'ईट अप', 'यूज अप', 'टेअर अप', म्हणजे खाऊन टाकणे, वापरून टाकणे, फाडून टाकणे. आपलं 'राहणे' म्हणजे चालू क्रिया, तिथे त्यांचं 'ऑन' : 'रीड ऑन', 'कॅरी ऑन', वाचत राहा, करत राहा. 'ठेवणे'ला 'डाउन' : 'नोट डाउन', 'राइट डाउन', टिपून ठेवा, लिहून ठेवा. 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे. 'कट'चा संच तर बघण्यासारखा आहे : 'कट अप' कापून तुकडे करणे, 'कट ऑफ' तोडून टाकणे, 'कट आउट' कापून काढणे, 'कट डाउन' झाड असेल तर तोडून पाडणे आणि साखर असेल तर कमी करणे.

पुस्तकांच्या याद्या क्रियापदाप्रमाणे लावलेल्या असतात : 'पुट'खाली वीस, 'गेट'खाली तीस. त्याऐवजी छोट्या शब्दाप्रमाणे लावा. एका पानावर सगळे 'अप', दुसऱ्यावर सगळे 'आउट'. प्रत्येक जोडीपुढे मराठीत नुसता अर्थ न लिहिता संयुक्त क्रियापद लिहा. हे करताना कोणत्या जोड्या तर्कात बसत नाहीत तेही कळतं, आणि पाठ करायच्या फक्त त्याच.

खडूफळा :

@अक्षरजुळारी, अर्धं मान्य. 'अप' म्हणजे पूर्णता धरून चाललो तर 'स्लो अप' आणि 'स्लो डाउन' दोन्हींचा अर्थ 'वेग कमी करणे' का, याला उत्तर नाही. 'फिल इन' आणि 'फिल आउट' दोन्ही फॉर्म भरणेच. पहिलं ब्रिटिशांना जवळचं, दुसरं अमेरिकनांना. 'गिव्ह अप', 'ब्रिंग अप', 'मेक अप' या रोजच्याच जोड्या तुमच्या 'टाकणे'त बसत नाहीत. 'मेक अप' म्हणजे रंगभूषा, बनवाबनवी आणि समेट. मागे 'फॉर' लावलं की भरपाई. डॉ. सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेत या जोड्या परक्यांना सर्वात अवघड जातात असं नोंदवलंय, आणि त्याला तेव्हा 'फ्रेजल व्हर्ब' हे नावही माहीत नव्हतं. ते छापील रूपात रुळलं १९२५नंतर.

अक्षरजुळारी :

बसत नाहीत त्या पाठ कराव्यात, असंच लिहिलंय की वर. हजारातल्या तीनशे पाठ करायच्या वाचल्या तरी पुष्कळ.

डेर-डी-दास :

'वॉश अप'ची भर. ब्रिटिश माणूस भांडी घासेल, अमेरिकन हात-तोंड धुईल. आणि 'नॉक अप' लिहिण्याआधी वाचणारा कोणत्या देशातला आहे ते बघा. जुन्या ब्रिटिश वापरात दार ठोठावून उठवणे, अमेरिकेत गरोदर करणे.

शनिपार :

आता परीक्षा. सोसायटीच्या फलकावर लावायची नोटीस अशी तयार आहे. तपासून द्यावी.

'द एजीएम हॅज बीन कॉल्ड ऑफ टू १४ सप्टेंबर. मेंबर्स शुड फिल अप द नॉमिनेशन फॉर्म अँड सबमिट बॅक इट टू द ऑफिस. वॉटर सप्लाय विल बी ऑफ ऑन थर्सडे, सो फिल अप युअर टँक्स. लुकिंग फॉरवर्ड टू सी यू ऑल.'

मुद्रितशोधक :

'कॉल्ड ऑफ' वाचून लोक दचकतील, वार्षिक सभा (एजीएम) ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर 'पुट ऑफ टिल' चालेल. फलकावर सचिवाची सही असते, तिथे 'पोस्टपोन्ड टू' बरं दिसतं.

'सबमिट बॅक इट'मध्ये दोन चुका : 'बॅक' फुकटचा, आणि 'इट' चुकीच्या जागी. 'हँड इट इन टू' किंवा सरळ 'सबमिट इट टू'. 'इन टू' सुटं, वर लिहिलंच आहे.

दोन 'फिल अप'पैकी पहिला बदला, दुसरा तसाच ठेवा. फॉर्म 'फिल इन' करायचा, कारण रिकाम्या जागांत मजकूर घालायचाय. टाकी 'फिल अप' करायची, कारण ती काठोकाठ भरून ठेवायची आहे. 'विल बी ऑफ' ठीक. 'कट ऑफ' लिहू नका, बिल न भरल्यामुळे कनेक्शन तोडलं असं वाटेल.

'द एजीएम हॅज बीन पोस्टपोन्ड टू १४ सप्टेंबर. मेंबर्स शुड फिल इन द नॉमिनेशन फॉर्म अँड हँड इट इन टू द ऑफिस. वॉटर सप्लाय विल बी ऑफ ऑन थर्सडे, सो प्लीज फिल अप युअर टँक्स ऑन वेन्सडे.'

शेवटची ओळ काढली आहे. 'सीइंग' करून ठेवता आली असती, पण वार्षिक सभेला यायला कुणी आतुर असल्याचं ऐकिवात नाही.

खडूफळा :

फॉर्म द्यायची शेवटची तारीख राहिली.